डावा कौल

कोंडिबातात्या माझे सख्खे चुलते. घरच्या माणसाबद्दल सांगताना हात जरा आखडता घ्यावा, असं माझी बायको म्हणते. मी घेणार नाही. त्यांच्यापायी आमच्या घरानं भोरच्या कोर्टात मान खाली घातली, ती अजून पुरती वर झालेली नाही. तेव्हा झालं ते सरळ सांगायचा हक्क तरी मला आहे.

आमचं गाव वेल्ह्याच्या पलीकडं, तोरण्याच्या पायथ्याला. तेव्हा हा सगळा मुलूख भोर संस्थानात होता. खाली भाताची खाचरं, वर नाचणी-वरईची उतरण, आणि त्याच्याही वर रान. दावणीला दोन बैल असणारी घरं थोडी. बाकीच्यांकडं एकेकच बैल, म्हणून सावड करायची. म्हणजे दोन घरांनी आपापला बैल मिळवून जोडी करायची आणि आळीपाळीनं दोघांची शेतं नांगरायची. बैल रानात चारायला न्यायचीही अशीच पाळी. तात्यांची सावड चिमाजीशी होती. तात्यांचा बैल चांद्या, चिमाजीचा कोश्या.

तात्यांना गुरांची पारख फार. विंझरच्या बाजूची माणसंसुद्धा बैल घ्यायच्या आधी “कोंडिबाला दाखवा” म्हणायची. याचा तात्यांना भारी ताठा होता. कुणाचं वासरू बिबळ्यानं नेलं, की आधी चार माणसं जमू द्यायचे आणि मग म्हणायचे, “झोपला असशील लेका! माझ्या राखणीतलं नेऊन दाखव म्हणावं.” माणसं हसायची. ज्याचं वासरू गेलं तोही कसनुसा हसायचा. मला त्या हसण्याचा तेव्हाही राग यायचा, पण चुलत्यापुढं बोलणार कोण?

त्या साली उन्हाळ्याच्या तोंडाला चांद्या नाहीसा झाला. सकाळी तात्या बाहेरून आले आणि गोठ्यासमोर उभं राहून ओरडायला लागले, की बैल चोरीला गेला. गाव गोळा झालं. दावं कापलेलं नव्हतं, नुसतंच पडलेलं होतं. चिमाजीच्या गोठ्यात कोश्या मात्र सुखरूप रवंथ करत बसला होता. “जोडीतला एकच कसा गेला? आन ह्याचाच कसा राहिला?” हे आधी कोण बोललं कुणास ठाऊक. बोललं गेलं आणि दुपारपर्यंत गावभर झालं. चिमाजी बिचारा तेव्हा चांद्याला हाका मारत रानात हिंडत होता.

आमच्याकडं चोरी झाली की माणसं आधी भैरोबाला विचारतात. देवाच्या दोन्ही खांद्यांवर फुलाची ओली पाकळी चिकटवायची, सवाल घालायचा आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. विचारणारा आणि गुरव दोघंच गाभाऱ्यात, बाकीचं गाव बाहेर मंडपात. तात्या गेनू गुरवाबरोबर आत गेले ते बराच वेळ बाहेर येईनात. आले तेव्हा घामाघूम होते. म्हणाले, “देवानं उजवी दिली. चिमाजीच.”

मंडपात चिमाजीची आई बसली होती, सखूबाई. तिची आधीची पोरं देवीच्या साथीत गेलेली. चिमाजीलाही देवी आल्या, तेव्हा तिनं कौल लावला होता. देवानं उजवी दिली, पोरगं जगलं. तेव्हापासून रोज पहाटे देऊळ झाडणं आणि देवासाठी वाती वळणं हेच तिचं काम. तिचा लेकच तिला कौलानं मिळाला होता. तात्यांचा शब्द ऐकला आणि ती उठून घरी गेली. तिथं चिमाजीला तिनं एवढंच म्हटलं, “बाबा, देवापुढं नाक घासून कबूल हो.” चिमाजी म्हणाला, “काय कबूल होऊ?” त्यावर तिनं आपलं गाठोडं उचललं आणि देवळाच्या पडवीत राहायला गेली. लेकाच्या घरचं पाणीसुद्धा घेईना. चार घरच्या बायका तिला भाकरी आणून द्यायच्या.

इथवर झालं ते गावात जिरलं असतं. पण तात्यांचा ताठा! ते वेल्ह्याच्या चौकीवर गेले. मी बरोबर होतो. फौजदारानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “कौल राहू द्या. देवाची जबानी सरकार लिहून घेत नाही. तुम्ही स्वतः काय पाहिलंत?”

तात्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाले, “पाह्यलं की. पहाटं चिमाजी माझ्या बैलाला वढत वड्याकडं नेत हुता. म्या डोळ्यांनी पाह्यला.”

हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मला वाटलं, घाईगडबडीत गावात सांगायचं राहिलं असेल. आपला माणूस म्हटला की डोकं असंच चालतं.

चिमाजीला धरून भोरला नेलं. कोठडीत तो किती दिवस राहिला याचा हिशेब मी केला नाही, करवला नाही. त्याची बायको बाळाबाई एकटीच भाताच्या रोपांसाठी राब भाजायला उतरणीवर दिसायची आणि मी वाट बदलून जायचो. मग एक दिवस गावातली अंबूबाई मोळी आणायला वरच्या घळीत उतरली, तर तिथं करवंदीच्या जाळीत हाडं. कवटीच्या शिंगांना पितळी शेंब्या तशाच होत्या. त्या तात्यांनी भोरच्या कासाराकडून घडवून घेतल्या होत्या, सगळं गाव ओळखत होतं. पंच आले. जाळीत बिबळ्याचे केस सापडले, दगडावर ओरखडे सापडले. पंचनामा झाला आणि चिमाजी सुटला.

सुटला, पण कोर्टातून सुटला. गावातून नाही. गाव म्हणालं, देव खोटं बोलत नाही. चिमाजीनं बैल नेलाच असणार, वाटेत बिबळ्यानं गाठला असणार. झालं. हाडं सापडूनही कौल खराच ठरला. देवळातल्या कामात चिमाजीला कुणी हाक मारीना. सखूबाई पडवीतून हलेना. बाळाबाई एकदा भाकरी घेऊन गेली, तर म्हातारीनं ती कुत्र्याला घातली, तिच्यादेखत.

इकडं भोरच्या मॅजिस्ट्रेटसाहेबांनी तात्यांवरच खटला भरायचा हुकूम केला. खोटी फिर्याद करून दुसऱ्याला गोवणाऱ्यालाही शिक्षा आहे, हे तोवर आमच्या गावात कुणाला माहीत नव्हतं. फिर्यादीला गेलेला माणूस आरोपी होतो म्हणजे काय? माणसं तात्यांच्या घराकडं बघत जायची आणि तात्या आत बसून असायचे. ‘झोपला असशील लेका’ म्हणणारा आवाज बंद झाला.

भोरात नारायणराव वकील होते. नेटके, गोरेपान, बोलताना चष्मा पुसायची सवय. त्यांनी तात्यांना समोर बसवून विचारलं, “कोंडिबा, कौल लावलात तो खरा?”

“व्हय.”

“आणि देवानं चिमाजीवर दिला?”

तात्या त्यांच्या चष्म्याकडं बघत म्हणाले, “व्हय.”

“मग ऐका. तो निर्दोष आहे हे ठाऊक असून तुम्ही फिर्याद केलीत, असं सरकारला दाखवावं लागेल. पण तुमचा कौलावर विश्वास. देवानं सांगितलं, तुम्ही खरं धरलंत, आणि पहाटेच्या धुक्यात कुणी दिसलं तो तुम्हाला चिमाजीच वाटला. चूक झाली, पण मनात कपट नव्हतं. एवढंच सांगा. गुरवाची साक्ष आपण काढू. सुटाल.”

तात्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. येताना वाटभर ते बोलत होते, मी ऐकत होतो. मलाही बरंच वाटत होतं.

तारखेच्या आधी चिमाजी आमच्या घरी आला. दिवस कलला होता. तात्या अंगणात काथ्या वळत होते. पोलिसांनी नेल्यापासून तो आमच्या उंबऱ्याकडं फिरकला नव्हता. मला वाटलं, आता हा शिव्या देणार, आणि खरं सांगतो, त्यानं दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. तो आला आणि खांबाला टेकून उभा राहिला.

“दादा,” तो म्हणाला, “कोर्टाचं काय व्हायचं ते हुईल. म्या तुमच्याकडं काय मागत न्हाई. एकच इचारतो. कौल कसा पडला?”

“सांगितलं न्हवं का?”

“परत सांगा. आई घरला येत न्हाई. म्या किती सांगितलं. ती म्हणती, देवानं तुला दिला आन देवानंच तुला चोर म्हटलं, म्या कुणाचं खरं धरू? दादा, कौलात काय बी कमी-जास्त झालं आसंल तर तिला येऊन सांगा. तुमच्या पाया पडतो.”

आणि तो खरंच पडला. ज्याला आमच्या माणसानं कोठडीत घातलं, तो आमच्याच अंगणात आमच्या माणसाचे पाय धरून बसला. तात्यांनी पाय मागं घेतले. काथ्या तसाच हातात. म्हणाले, “देवानं उजवी दिली. म्या काय करू?”

चिमाजी उठला, धोतर झटकलं आणि गेला. तात्या त्या दिवशी जेवले नाहीत. मला वाटलं, कोर्टाची धास्ती घेतलीय.

तारखेला आम्ही भोरला गेलो. गावातली बरीच मंडळी आली होती, साक्षीला थोडी आणि बघायला फार. चिमाजी मागच्या भिंतीला उभा होता. आधी गेनू गुरवाची साक्ष झाली. त्यानं शपथेवर सांगितलं, की एकदाच कौल लावला, देवानं उजवी दिली, पाकळ्या त्यानंच लावल्या. ऐकून गावच्या लोकांनी माना डोलावल्या. नारायणरावांनी समाधानानं चष्मा पुसला. मग मॅजिस्ट्रेटसाहेबांनी तात्यांना विचारलं, “तुम्हाला काय सांगायचं आहे?”

तात्यांनी पाठ केलेलं सुरू केलं. “साहेब, आमी देवाला मानणारी माणसं. म्या कौल लावला. देवानं…” आणि थांबले. परत म्हणाले, “देवानं…” पुढचा शब्द येईना. तात्यांनी मागं वळून पाहिलं नाही, पण मानेवरून कळत होतं की मागं कोण उभं आहे ते त्यांच्या ध्यानात आहे.

“देवानं न्हाई म्हटलं हुतं,” तात्या म्हणाले.

नारायणराव उठून उभे राहिले. साहेबांनी त्यांना हातानं बसवलं.

“नीट सांगा.”

“इचारलं, चिमाजीनं नेला का? डावी पडली. परत लावली. परत डावीच पडली. गुरव म्हटला, ऱ्हाऊ द्या. म्या म्हटलं, आणखी एकदा. तिसऱ्या बारीला म्या त्याच्या हातनं फूल घेतलं आन उजवी पाकळी कोरडी लावली. कोरडी कशी ऱ्हाईल, साहेब? लगीच पडली.”

“आणि पहाटे पाहिलं ते?”

“पहाटं म्याच रानात गेल्तो. बैल हुडकाया. आदल्या दिशी राखणीची पाळी माझी. जेवलो आन माझा डोळा लागला. उठलो तर कोश्या म्होरं हुता, चांद्या न्हवता. अंधार पडला. कोश्याला आणून चिमाजीच्या गोठ्यात म्याच बांधला. म्हटलं पहाटं हुडकून आणू, कुणाला कळायचं न्हाई. घावला न्हाई.”

“मग तसं सांगायचं. दुसऱ्याचं नाव का घेतलंत?”

तात्यांचा आवाज इतका बारीक झाला की साहेब पुढं वाकले. “लाज वाटली, साहेब. गावाला म्या हसायचो. लोकाचा बैल घरला आणला आन आपला रानात इसरलो, हे कुठल्या तोंडानं सांगू? चोर पायजे हुता.”

मागून कुणीतरी “अरारा” म्हणालं. मी जमिनीकडं पाहत होतो. चोर पाहिजे होता! एवढ्यासाठी एका माणसाला कोठडी, त्याच्या आईला पडवी, आणि देवाच्या तोंडात खोटा शब्द. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं, पण त्या माणसाचा पुतण्या म्हणून सगळे माझ्याकडंच बघत असतील या भीतीनं मी हललो नाही.

सहा महिन्यांची सक्तमजुरी झाली. साहेब निकालात म्हणाले, की कोर्ट हे देवाचं असो वा सरकारचं, त्यात खोटं घेऊन जाणारा माणूस चोरापेक्षा वाईट, कारण चोर निदान आपल्या हातानं चोरी करतो. गेनू गुरव शेवटपर्यंत म्हणत राहिला, की कौल एकदाच लागला आणि तिसऱ्या बारीचं काही झालंच नाही. त्याचंही पोट देवळावर. पण गावानं तात्यांचं खरं धरलं. शिक्षा अंगावर ओढून घेणारं खोटं कोण बोलेल, असं लोक म्हणाले, आणि ते बरोबरच होतं.

पोलीस तात्यांना घेऊन निघाले तेव्हा चिमाजी आडवा आला. मला वाटलं, आता थुंकतो की काय. तो म्हणाला, “दादा, हे आईला सांगायला पायजे.”

“तू सांग.”

“माझं ऐकत न्हाई. तुमी सुटून आला की आधी देवळात या.”

तात्यांनी मान हलवली.

ते सहा महिने माझ्या जन्माला पुरले. तात्यांना खडी फोडायला रस्त्यावर आणत. बाजाराच्या दिवशी गावची माणसं तिथूनच जायची आणि परत येऊन मला सांगायची, “कोंडिबा दिसला हुता बरं का,” जणू तात्या जत्रेत भेटले होते. चिमाजीच्या बैलाला जोडी उरली नव्हती, म्हणून पावसाच्या तोंडाला मी माझ्या दावणीचा बैल घेऊन त्याच्या खाचरात गेलो. त्यानं कोश्या आणून जोखडाला लावला. आम्ही न बोलता चिखलणी केली. गावानं त्याला पुन्हा देवळात बोलावलं, भैरोबाचा पहिला नारळ त्याच्या हातानं फोडून घेतला. चूक झाली म्हणायची आमच्या गावची ही रीत. सखूबाई पडवीत बसून ते बघत होती. मी तिला कोर्टातलं सगळं सांगितलं, अंबूबाईनं सांगितलं. ती म्हणाली, “कोर्टात माणसं काय बी बोलत्यात. कोंडिबा येऊ द्या. कौल त्यानं घेतला, त्याच्या तोंडचं ऐकते.” चिमाजीनं हे ऐकलं आणि त्या दिवसापासून तो तात्यांच्या सुटकेची वाट आमच्यापेक्षा जास्त बघायला लागला.

तात्या सुटले तेव्हा मी आणायला गेलो होतो. वाळले होते, हाताला घट्टे पडले होते. गावात शिरल्यावर त्यांनी घरची वाट सोडली आणि सरळ देवळाकडं वळले. सकाळची उन्हं मंडपात आली होती. सखूबाई पडवीत वाती वळत बसली होती, शेजारी फडक्यात कुणीतरी दिलेली भाकरी. चिमाजी कुणाकडून तरी कळून आधीच येऊन पायरीवर बसला होता. आईपासून लांब, पण ऐकू येईल एवढ्या अंतरावर.

तात्या तिच्यापुढं जमिनीवर बसले. सगळं सांगितलं. झोप लागली ते, दोनदा डावी पडली ते, कोरडी पाकळी, सगळं. कोर्टापेक्षा नीट सांगितलं. गाभाऱ्याकडं हात करून म्हणाले, “भैरोबाच्या साक्षीनं सांगतो, सखूबाई. देव तुमच्या लेकाला चोर म्हटला न्हाई. म्या म्हटलो.”

म्हातारीनं हातातली वात पुरी केली, बाजूला ठेवली.

“कोंडिबा,” ती म्हणाली, “सरकारनं तुला कशापायी आत घातला हुता?”

“खोटं बोललो म्हणून.”

“मग आता तुझं म्या कसं खरं धरू?”

तात्या बोलू लागले, तिनं हात वर केला. “तुला माझ्या लेकाची कीव आली, म्हाईत हाय मला. चांगला माणूस हाईस तू. पर त्याच्यासाठी देवाला खोटा पाडू नगंस. त्याच देवानं मला तो दिलाय. ते बी मग खोटं का?”

तात्या माझ्याकडं बघू लागले. चिमाजी पायरीवर मान खाली घालून बसला होता.

सखूबाईनं फडकं सोडलं, भाकरी मोडली आणि अर्धी तात्यांच्या हातावर ठेवली. “घे. तुरुंगातनं आलास, भुकेला असशील. तू चुकलास, पर कबूल झालास, भोगून आलास. माझ्या लेकाचं तेवढं बी काळीज न्हाई.”

चिमाजी उठला आणि कोश्याला पाण्यावर नेतो असं कुणालातरी सांगून निघून गेला. तात्या ती अर्धी भाकरी हातावर घेऊन बसून राहिले. “खा की,” सखूबाई त्यांना म्हणत होती, “लाजतूस कशाला?”